‘फवारणी करावी’ : वैयक्तिकृत कृषी-सल्ल्यातील कर्तृलोप

१

नियतकालिक आणि त्याचा वर्गणीदार यांच्या नात्याला मराठीत एक विशिष्ट अर्थच्छटा आहे. वर्गणी ही देवळाच्या जीर्णोद्धाराला देतात, गणेशोत्सवाला देतात, गावच्या वाचनालयाला देतात. म्हणजे वर्गणीदार हा मुळात एका सामाईक कार्यातील वाटेकरी होय. मासिकाच्या वर्गणीदारांना हीच कल्पना लागू होती. सर्वांना एकच अंक मिळत असे आणि आपण वाचतो तेच शेकडो इतरांनीही वाचले आहे, हे प्रत्येकास ठाऊक असे.

गेल्या पंचवीस वर्षांत या नात्याचे स्वरूप पालटले आहे. १९९९ मध्ये वेब-फीडचा पहिला प्रकार प्रचारात आला आणि २००५ मध्ये ‘ॲटम’ या नावाने त्याचे एक प्रमाणित रूप निश्चित झाले. संकेतस्थळावर नवा मजकूर आला की त्याची वर्दी एका ठराविक साच्यात प्रसिद्ध होते आणि ज्याला हवी तो ती आपल्या वाचनयंत्रात ओढून घेतो, ही फीडची रीत. येथे कोणाकोणाचे वाचावयाचे ही यादी वाचकाच्या हाती असते. पाठविणाऱ्यास वाचकाचे नावही ठाऊक नसते. न्यूजलेटरची रीत नेमकी उलट आहे. तेथे यादी पाठविणाऱ्याकडे असते. एकदा यादी त्याच्याकडे आली की तिचे गाव, वय, आवड, व्यवसाय यांनुसार भाग पाडावे आणि प्रत्येक भागास वेगळा मजकूर धाडावा, हा मोह स्वाभाविकच होय. यालाच आज वैयक्तिकृत सेवा म्हणतात.

फीड वाचण्याचे सर्वाधिक परिचित साधन, गूगल रीडर, १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. त्याच महिन्यात भारत सरकारच्या कृषी विभागाने ‘एम-किसान’ ही सेवा रीतसर सुरू केली. तिच्यात शेतकऱ्याचे ठिकाण, पीक आणि भाषा यांची नोंद करून त्याच्या दूरध्वनीवर त्याच्यापुरता सल्ला पाठविण्याची योजना होती. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. तथापि वाचकाच्या हातची यादी मागे पडून प्रेषकाच्या हातची यादी पुढे येण्याचा काळ तो हाच, हे त्यांवरून ध्यानात राहते.

प्रस्तुत लेखात या वैयक्तिकृत मजकुराचा एकच प्रकार विचारात घेतला आहे : वर्धा जिल्ह्यासारख्या कापूसप्रधान प्रदेशातील शेतकऱ्यास मराठीतून मिळणारा हवामानाधारित कृषी-सल्ला. त्यातील शेतीशास्त्र बरोबर की चूक, हा आमच्या अधिकाराबाहेरचा प्रश्न आहे. त्याची भाषा ज्याला उद्देशून आहे असे ती सांगते, त्याच्याशी ती खरोखर बोलते काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

प्रथम या सेवेचा गुण मान्य केला पाहिजे. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. कारंजा, आष्टी व आर्वी या भागांत संत्र्याच्या बागा. समुद्रपूर तालुक्यात २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद. हिंगणघाट ही कापसाची जुनी बाजारपेठ. आणि जवळजवळ सर्वत्र कापूस, सोयाबीन व तूर. या सर्वांना एकच पत्रक वाचावयास लावणे म्हणजे बहुतेकांचा वेळ खर्ची घालणे होय. भारतीय हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतर्फे दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्हावार पत्रके निघतात. २०१९ पासून ‘मेघदूत’ या ॲपवरही तसा सल्ला स्थानिक भाषेत पाहता येतो. पावसाचा अंदाज आणि पिकाची अवस्था यांची सांगड घालून चार-पाच दिवस आधी काय करावे हे सांगणारी ही व्यवस्था उपयुक्त आहे, यात शंका नाही.

परंतु भाषेचा अभ्यासक म्हणून पाहिले तर असा मजकूर कसा सिद्ध होतो? एक साचा केलेला असतो आणि त्यात काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात : तालुका, पीक, तारीख, पाऊस. यंत्र त्या भरते. इंग्रजीसारख्या भाषेत अशी मोकळी जागा भरणे सोपे आहे, कारण नाम जसेच्या तसे बसविता येते. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘वर्धा’चे ‘वर्ध्यात’ होते, ‘कापूस’चे ‘कापसाला’ होते, ‘सेलू’चे मात्र ‘सेलूत’ असे बदलाविना होते. यंत्राला हा विवेक शिकविलेला नसला तर दोनच मार्ग उरतात. एक, ‘वर्धा मध्ये’ असे न मराठी न इंग्रजी रूप छापणे. दुसरा, वाक्यच टाळून ‘तालुका : देवळी, पीक : कापूस’ अशी नोंदवही लिहिणे. दोन्ही मार्ग आज सर्रास दिसतात. ज्या जागी मजकूर वैयक्तिक व्हावयाचा, नेमकी त्याच जागी मराठी मोडते. व्यक्तीला वाक्यात सामावून घेण्याचे जे साधन भाषेपाशी आहे, त्या सामान्यरूपालाच साचा चुकवू पाहतो.

बोलीचाही प्रश्न येथेच उद्भवतो. वर्ध्याकडील घरात ‘वावर’ आणि ‘पऱ्हाटी’ हे शब्द नांदतात. संदेशात ‘शेत’ आणि ‘कपाशी’ येतात. लेखी व्यवहारात प्रमाणभाषा वापरणे यात वावगे काही नाही आणि शेतकऱ्याला ती कळतेही. मात्र वैयक्तिकरणाची धाव तालुका आणि पीक या रकान्यांपर्यंतच आहे, हे यावरून स्पष्ट होते.

३

आता क्रियापदाकडे वळू. ‘फवारणी करावी’, ‘साचलेल्या पाण्याचा निचरा करावा’, ‘खताचा हप्ता द्यावा’, ‘वेचलेला कापूस कोरड्या जागी ठेवावा’ ही या लेखनप्रकाराची ठरीव वळणे. हा विध्यर्थ होय. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्याची येथे प्रस्तुत असलेली दोनच लक्षणे सांगतो.

पहिले असे की, सकर्मक धातूचे हे रूप कर्माप्रमाणे चालते. फवारणी स्त्रीलिंगी म्हणून ‘करावी’, निचरा पुल्लिंगी म्हणून ‘करावा’. करणारा पुरुष आहे की स्त्री, एक आहे की अनेक, याची खूण क्रियापदावर उमटत नाही. दुसरे असे की, पुरुषभेदही येथे बहुतांशी लोपतो. मी फवारणी करावी, तुम्ही फवारणी करावी, तिने फवारणी करावी, मजुरांनी फवारणी करावी : क्रियापद चारही ठिकाणी तेच. आज्ञार्थात तसे नाही. ‘फवारणी करा’ म्हणताच समोर कोणी ‘तुम्ही’ उभा राहतो. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी १९४६ च्या आपल्या निबंधात ‘मी’ आणि ‘तू’ हेच खरे पुरुष, तृतीय पुरुष हा वस्तुतः ‘अ-पुरुष’ होय, असे प्रतिपादिले आहे. मराठी विध्यर्थातून कर्ता काढून टाकला असता उरते ते त्याहूनही रिते असते. तेथे ‘तो’सुद्धा राहत नाही, राहते केवळ कर्तव्य.

कर्ता का गळतो, याचे एक यांत्रिक कारणही आहे. दूरध्वनीवरील एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरचिन्हे मावतात, देवनागरीची मात्र ७०. मात्रा, अनुस्वार व हलन्त यांची प्रत्येकी स्वतंत्र गणना होते आणि शब्दांमधील मोकळी जागाही मोजली जाते. ‘शेतकरी बंधूंनो’ एवढ्या संबोधनाला १४ स्थाने लागतात, म्हणजे संदेशाचा पाचवा हिस्सा. लांब संदेश तुकडे जोडून पाठविता येतो हे खरे. पण प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा. अशा काटकसरीत प्रथम संबोधन जाते, मग कर्ता.

अशा रीतीने एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते. एका व्यक्तीसाठी निवडलेला, तिच्याच हातातील यंत्रावर पोहोचविलेला मजकूर व्याकरणदृष्ट्या कोणालाच उद्देशून नसतो.

४

यावर कोणी म्हणेल की हा प्रयोग काही आजचा नाही. शेतकी खात्याची छापील पत्रके पूर्वीही ‘पेरणी करावी’, ‘बियाण्यास औषध चोळावे’ असेच लिहीत. हे अगदी खरे आहे आणि माझ्या मते प्रस्तुत प्रश्नाचे मर्म त्यातच आहे.

चावडीच्या भिंतीवर लावलेल्या पत्रकात ‘फवारणी करावी’ असे लिहिले असता कर्त्याची रिकामी जागा सर्वांसाठी खुली असते. शेतमालक ते वाचतो, सालदार वाचतो, ज्याला वाचता येत नाही तो वाचणाऱ्याकडून ऐकतो, आणि ज्याचे त्याचे काम जो तो ओळखतो. तेथे कर्तृलोप हा समावेशक असतो. तेच वाक्य एका नोंदविलेल्या क्रमांकावर गेले की ती रिकामी जागा एकाच माणसाच्या ताब्यात जाते. वाक्य बदललेले नसते. त्याच्याभोवतीचा श्रोतृसमूह नाहीसा झालेला असतो. सार्वजनिक भिंतीवर जो कर्तृलोप सर्वांना सामावतो, तोच खासगी पेटीत बहुतेकांना वगळतो.

वगळले जाणारे कोण? २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्यात स्वतःची शेती कसणाऱ्यांपेक्षा शेतमजुरांची संख्या अधिक होती. नोंदणी मात्र पिकाची होते, म्हणजे ज्याचे पीक त्याची होते. कापसाची वेचणी आणि निंदण ही मुख्यतः स्त्रिया करतात. घरातील नोंदविलेला दूरध्वनी बहुधा पुरुषाचा असतो. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा पुष्कळदा रोजंदारीचा मजूर असतो. सारांश, ‘वेचणी करावी’ हे वाक्य न वेचणाऱ्याकडे जाते आणि ‘फवारणी करावी’ हे न फवारणाऱ्याकडे.

हा केवळ व्याकरणाचा सूक्ष्म विचार नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यात वर्धा नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती : औषधांचे मिश्रण, दाट व उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, संरक्षक साधनांचा अभाव. संदेशांच्या भाषेला त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल आणि तसे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या घटनेच्या प्रकाशात ‘फवारणी करताना हातमोजे वापरावेत’ हे वाक्य पुन्हा वाचून पाहावे. हातमोजे वापरण्याच्या क्रियेत वस्तुतः दोन कर्ते आहेत : एक हातमोजे विकत आणून देणारा, दुसरा ते घालणारा. पहिला न आणील तर दुसरा काय घालणार? ‘वापरावेत’ या एका क्रियापदाने दोघांची कर्तव्ये एकत्र बांधली आणि दोघांचीही नावे पुसली. वर्गणीदार मालकाने ते वाचले की त्याला वाटते, ही सूचना फवारणाऱ्यासाठी आहे. फवारणाऱ्यापर्यंत ती पोहोचतच नाही. जबाबदारी कोणाची, हे सांगण्याची संधी भाषेपाशी होती. तिने ती दवडली.

५

येथे दोन आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप सौजन्याचा. ‘करा’ ही आज्ञा झाली. सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञाने शेतकऱ्यास आज्ञा का द्यावी? अंदाज चुकू शकतो, प्रत्येकाच्या जमिनीचा मगदूर वेगळा. म्हणून ‘करावी’ हे विनयाचे रूपच अधिक उचित, असे म्हणता येईल. हा आक्षेप मोलाचा आहे. तथापि त्याचा रोख विध्यर्थाच्या त्यागाविरुद्ध आहे, कर्त्याच्या उल्लेखाविरुद्ध नाही. ‘मालकाने हातमोजे आणून द्यावेत’ यात विनयही आहे आणि कर्ताही.

दुसरा आक्षेप जागेचा. सत्तर स्थानांत कर्त्यासाठी जागा कोठून आणावी? तर प्रत्यक्ष मोजून पाहावे. ‘हातमोजे वापरावेत’ यास १६ स्थाने लागतात. ‘मजुराला हातमोजे द्या’ यास २० लागतात. चार स्थानांच्या मोबदल्यात देणारा आणि घेणारा ही दोन माणसे वाक्यात येतात. जागेची अडचण खरी आहे, पण तिच्यापायी माणसेच गाळावी लागावीत इतकी ती मोठी नाही.

६

वैयक्तिक आणि सार्वजनिक यांचा मेळ घालण्याचा प्रश्न वर्ध्याला नवीन नाही. विनोबांनी जानेवारी १९२३ मध्ये येथूनच ‘महाराष्ट्र धर्म’ काढले. आरंभी ते मासिक होते, पुढे साप्ताहिक झाले. मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पांची ‘ग्राम उद्योग पत्रिका’ निघत असे. परंतु प्रस्तुत विषयाच्या सर्वांत निकटचे उदाहरण म्हणजे गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात १९४० पासून येणारे ‘प्रश्नपेटी’ हे सदर. सेवाग्रामी आलेल्या पत्रांतील प्रश्न त्यात घेतले जात आणि गांधीजी त्यांना उत्तरे लिहीत. प्रश्नकर्त्याचे नाव बहुधा दिलेले नसे. प्रश्न मात्र त्याच्या विशिष्ट अडचणीसह येई. उत्तर त्या एकाला असे, आणि वाचीत सर्वजण.

या उदाहरणाशी आजचे दोन प्रकार ताडून पाहण्यासारखे आहेत. व्यापारी न्यूजलेटरात आरंभी वाचकाचे नाव घातलेले असते आणि पुढील मजकूर हजारोंना सारखाच जातो. नॉर्मन फेअरक्लफ यांनी १९८९ मध्ये ‘लँग्वेज अँड पॉवर’ या ग्रंथात समूहातील प्रत्येकाशी व्यक्तिशः बोलत असल्याचा आभास निर्माण करण्याच्या या रीतीला कृत्रिम वैयक्तिकरण म्हटले आहे. तेथे संबोधन व्यक्तीचे, आशय सर्वांचा. कृषी-सल्ल्याचा प्रकार याच्या अगदी विरुद्ध आहे : आशय एकाचा, संबोधन कोणाचेच नाही. ‘प्रश्नपेटी’त मात्र अडचण एकाची, उत्तर त्याला उद्देशून आणि श्रवण सर्वांचे, असा तिसराच योग साधला होता. त्यात एकाच्या विशिष्टपणाला बाध येत नसे आणि दुसऱ्याचे ऐकण्याचे द्वारही बंद होत नसे.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘महाविस्तार’ हे ॲप आणले. त्यात शेतकऱ्यास मराठीतून प्रश्न विचारण्याची सोय आहे. प्रश्नाचे हे पुनरागमन स्वागतार्ह होय, कारण प्रश्न विचारणारा आपोआपच ‘मी’ म्हणून वाक्यात येतो. पण येथेही प्रश्न आणि उत्तर दोन्ही एका पेटीतच राहतात. देवळीच्या शेतकऱ्याने विचारलेले आर्वीच्या शेतकऱ्याला कळत नाही. मालकाने विचारलेले मजुराला कळत नाही. हजारो प्रश्न विचारले जातील आणि त्यांतून गावाचे सामाईक ज्ञान मात्र वाढणार नाही, अशी भीती वाटते.

७

या विवेचनावरून वैयक्तिकृत सेवा बंद करावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमचे म्हणणे मर्यादित आहे. मजकुराची निवड व्यक्तीपुरती करणे आणि व्यक्तीशी बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केल्याने दुसरी आपोआप साधत नाही. उलट पहिलीमुळे पूर्वीचा सामाईक श्रोतृसमूह नाहीसा होत असल्याने दुसरीची गरज अधिकच वाढते.

व्यवहारात यातून तीन गोष्टी करण्याजोग्या दिसतात. जेथे काम करणारा आणि संदेश घेणारा भिन्न असण्याचा संभव आहे, तेथे, विशेषतः विषारी औषधांच्या बाबतीत, कर्त्याचा उल्लेख सक्तीने करावा; साचा सिद्ध करणाऱ्यांनी तो नियमच समजावा. मोकळ्या जागा भरताना सामान्यरूपाचे कोष्टक यंत्रास पुरवावे. आठ तालुके आणि पाच-पंचवीस पिके यांची रूपे लिहून देणे हे पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याचे एका दिवसाचे काम आहे. तिसरी गोष्ट अशी की, हवामान खात्याची जिल्हा-पत्रके महाजालावर कोणासही वाचावयास खुली असतात; तीच फीडच्या रूपाने उपलब्ध झाली तर ग्रामपंचायत, शाळा, वाचनालय किंवा सेलसुऱ्याच्या कृषि विज्ञान केंद्रासारखी संस्था कोणाचीही नोंदणी न करता ती घेऊन फलकावर लावू शकेल. फीडला वाचकाचे नाव लागत नाही, हा तिचा जुना गुण येथे कामी येईल. खासगी पेटीबरोबर भिंतही टिकली पाहिजे.

अभ्यासकांसाठीही येथे पुष्कळ काम पडून आहे. दर आठवड्यास दोन याप्रमाणे एका जिल्ह्याची वर्षाला शंभरावर मराठी पत्रके होतात. त्यांतील विध्यर्थी क्रियापदे वेचून किती ठिकाणी कर्ता उक्त आहे, किती ठिकाणी अध्याहृत आहे आणि जेथे तो उक्त आहे तेथे ‘शेतकऱ्यांनी’ याखेरीज दुसरा कोणी आहे काय, हे मोजता येईल. मजूर, स्त्री, सालदार हे शब्द कर्त्याच्या जागी किती वेळा येतात, याची गणना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती संख्या हाती आल्यावर पत्रक लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे ती ठेवावी, आणि पुढील खरिपाच्या पत्रकात फवारणी कोणी करावी, हे लिहिण्याची त्यांना विनंती करावी.